बाळंतिणीची पिवळी बाटली

बाबा,

तुमचा बाटल्यांचा धंदा बुडालेला नाही, एवढं सांगायला बसलेय. तुम्ही गेलात, दवाखान्याला कुलूप लागलं, फळ्यांना वाळवी लागली, तेव्हा मला वाटलं होतं की निदान आपल्या गावापुरता तरी हा प्रकार संपला. कसला संपतोय! उलट त्याला आता गाडी मिळालीय. पांढरी शुभ्र गाडी, दारावर जांभळ्या रंगात पाण्याचा मोठा थेंब आणि त्या थेंबाच्या आत हसणारी आई नि तिचं बाळ. सकाळी ती गाडी तारकर्लीच्या बाजूला जाते आणि आदल्या रात्री जास्त झालेल्या पर्यटकांना माणसात आणते. दुपारनंतर गावागावांतून फिरून बाळंतिणींना ताकद देते. तेच मीठ, तेच पाणी, त्यात तेच पिवळं जीवनसत्त्व. तुम्ही ‘ताकदीची बाटली’ म्हणायचात, हे लोक ‘हायड्रेशन अँड न्यूट्रिएंट थेरपी’ म्हणतात. तुम्ही हयात असतात तर आधी त्यांच्यावर जळला असतात आणि मग त्यांची एजन्सी घेतली असतीत.

तुमचा दवाखाना मला अजून जसाच्या तसा दिसतो. घराच्या पुढच्या पडवीला फळ्या मारून केलेली खोली, मधे हिरवा पडदा, बाहेर पाटी. पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर काही इंग्रजी अक्षरं, ती कुठल्या परीक्षेची होती हे मला स्वतः डॉक्टर झाल्यावरही कळलं नाही. मुंबईला एका डॉक्टरकडे कंपाउंडर होतात, तिथे बघून बघून शिकलात आणि गावी येऊन पाटी लावलीत. आसपास दुसरा डॉक्टर नव्हता, हे खरं. पण दुसरा डॉक्टर नसणं हीच तुमची पदवी होती, हेही खरं. घरात ‘खंय गेलंस गो?’ म्हणून आईवर ओरडणारा माणूस पडदा ओलांडला की एकदम शुद्ध मराठीत शिरायचा. ‘काय होतंय? अशक्तपणा वाटतोय ना? वाटणारच. रक्त गेलंय.’ बाई मान हलवायची, तिची सासू हात जोडायची, आणि तुम्ही खिडकीच्या गजाला काचेची बाटली उलटी टांगायचात. मिठबावपासून पलीकडच्या वाड्यांपर्यंत एकही बाळंतीण तुमच्या त्या बाकड्यावर झोपल्याशिवाय बाळंतपणातून उठली नसेल. बाटलीत सुईने बी-कॉम्प्लेक्स सोडलं की पाणी पिवळं व्हायचं, आणि पिवळ्यात जास्त ताकद असते असं तुम्ही कधी तोंडाने म्हणाला नाहीत, फक्त लोकांना तसं समजू दिलंत. मुलगा झाला असेल तर सासू पिवळी मागायची. मुलगी झाली असेल तर पांढरीवर भागवायची. तुम्ही दोन्ही लावायचात, त्याच चेहऱ्याने.

रिकाम्या बाटल्या आई धुऊन घ्यायची आणि त्यांत कोकमाचं आगळ भरून ठेवायची. स्वयंपाकघरातल्या फळीवर लालभडक बाटल्यांची रांग असायची, गळ्याशी अजून लेबलाचा तुकडा चिकटलेला. मला त्या वयात वाटायचं, आगळसुद्धा औषधच आहे.

माझा भाऊ झाला तेव्हाची एक दुपार मला विसरता येत नाही. तुम्ही जेवायला बसला होतात, मी तुमच्या शेजारी. आई आतल्या खोलीत बाळाला घेऊन, दार उघडं. दवाखान्यात त्याच दिवशी कोणा बाळंतिणीला पिवळी बाटली लागली होती आणि ती अजून बाहेर बाकड्यावर झोपली होती. आईने आतून हाक मारली, ‘‘अहो, माका पण लावा हो एक बाटली. पिवळी.’’ तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. पाणी पिऊन म्हणालात, ‘‘तुका कित्याक व्हयी गो? मिठाचा पाणी ता. पेज खा, पेज.’’ आईसुद्धा आतून हसली, किंवा हसल्यासारखं केलं. मीही हसले, कारण तुम्ही हसत होतात.

कितीतरी वर्षांनी, वैद्यकीय कॉलेजात पहिल्यांदा सलाईनची बाटली हातात धरली तेव्हा ती दुपार मला आठवली आणि माझे कान तापले. तुम्ही अडाणी असतात तर मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. अडाणी वैद्य गावोगाव असतात, त्यांचा स्वतःच्या मुळ्यांवर विश्वास तरी असतो. तुमचा तुमच्या बाटलीवर कणभर विश्वास नव्हता. जिचं खरंच काहीतरी बरं व्हावं असं तुम्हाला वाटत होतं, तिला तुम्ही पेज खायला सांगितलीत. आणि बाहेर पडद्यापलीकडे जी झोपली होती तिच्या हातात सुई.

मी सुट्टीत घरी आले आणि शहाणपणा करून तुम्हाला म्हटलं, की अशक्त बाईला मीठ-साखरेचं पाणी तोंडाने दिलं तरी तेच काम होतं. तेव्हा तुम्ही दाढी करत होतात. आरशातूनच माझ्याकडे बघितलंत. ‘‘तुझा शिक्षण तुझ्याकडे ठेव. मीठसाखरेचा पाणी सांगितलंस तर ती बाय म्हणतली, ह्या तर माझ्या घराक पण आसा, मग ह्यो डॉक्टर कसलो?’’ मग वस्तरा पुसलात आणि वर म्हणालात, ‘‘तू मोठ्या इस्पितळात जा. हय तुझा काम नाय.’’ तुम्ही मला हाकललंत असं मी कित्येक वर्षं समजत होते. जाताना मात्र नवा स्टेथोस्कोप घेऊन दिलात, मुंबईहून मागवून. तुमचा स्वतःचा तुम्ही गळ्यात हार घालावा तसा घालायचात. तो कोणाच्या छातीला नीट लावलेला मी पाहिला नाही. तुमची ती भेट मी हॉस्टेलवर मैत्रिणीला देऊन टाकली आणि स्वतःच्या पैशाने दुसरा घेतला. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

आता मूळ गोष्टीवर येते. तुमच्या मुलाने घर पाडून तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. समुद्राकडे तोंड करून व्हरांडे, न्हाणीघरात गरम पाणी, दर्शनी भिंतीवर तुमचा मोठा फोटो. पर्यटकांना तो सांगतो, हे डॉक्टरांचं घर, आमच्या वडलांनी सबंध पंचक्रोशी वाचवली. पर्यटक फोटोचा फोटो काढतात. त्याची मुलगी, तुमची नात, जी तुम्ही पाहिली नाहीत, ती बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई बोटीवर, मधल्या कुठल्यातरी समुद्रात. शहरातल्या इस्पितळात सिझेरियन झालं, मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं आणि ती घरी आली. मी माझ्या सरकारी रुग्णालयात, तालुक्याच्या ठिकाणी. रोज फोन करायचे. फोनवर सगळे म्हणायचे, बरी आहे, जरा थकलेली असते.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मी गावी पोचले तर अंगणात ती थेंबवाली गाडी उभी. मला वाटलं कोणी पर्यटक असेल. आत गेले तर आपल्या बाळंतिणीच्या खोलीत चकचकीत स्टँड, त्याला प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पिवळं पाणी, आणि नळी माझ्या भाचीच्या हातात. शेजारी जांभळ्या टी-शर्टातली एक नर्स मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढत होती. जाहिरातीसाठी, परवानगी घेऊन. खाटेच्या पायथ्याशी खुर्चीवर आई बसली होती, वय झालंय तिचं, कंबर वाकलीय, पण त्या दिवशी ती अशी बसली होती की जणू देवळात नैवेद्य दाखवणं चाललंय. मला बघून म्हणाली, ‘‘बघ गो, ताकदीची लावलीव. माका मेळाक नाय, नातीक तरी मेळांदे.’’

ही दुसरी पिशवी होती. पहिली आठवड्यापूर्वी लागली होती. भावाने पॅकेज घेतलं होतं, आईच्या हट्टापायी. आणि आईचाच नियम असा की बाळंतिणीला प्यायला पाणी बेताने द्यायचं, नाहीतर पोट सुटतं. तोंडाने घोटभर पाणी मागितलं तर बेताने, शिरेतून पिशवीभर चालतं! असल्या घरात मी जन्मले.

मी भाचीकडे बघितलं आणि माझं हसू गेलं. तिच्या पाठीशी उशांचा ढीग होता, आणि तरी ती त्यांना टेकली नव्हती. पुढे वाकून, दोन्ही हात खाटेच्या कडेवर रोवून बसली होती. ओठ फिके. पाय सुजून गुळगुळीत झालेले. बोलताना वाक्य मधेच तोडत होती.

‘‘काय होता गो तुका?’’ मी विचारलं.

‘‘आत्ये, माका... आडवा पडूक जमणा नाय. आडवा पडलंय काय... बुडल्यासारख्या वाटता.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘बरेच दिवस. खोकलो पण येता. सगळी म्हणतत, अशक्तपणा.’’

मी हात पुढे केला आणि नळीची चकती फिरवून थेंब बंद केले. नर्स दचकली. दोडामार्गकडची पोर, याआधी रोज गोव्याला जाऊन-येऊन नोकरी करायची, वाईट नव्हती. पण तिला शिकवलेलं तिने म्हणून दाखवलं, ‘‘मॅडम, ड्रिप अशी मधेच थांबवता येत नाही. आमच्या डॉक्टरांशी बोला.’’ आणि मोबाइलवर त्यांचे डॉक्टर दिसले. मागे पुस्तकांचं कपाट, गळ्यात स्टेथोस्कोप, चेहरा दुधावरच्या सायीसारखा गुळगुळीत. शुद्ध मराठी. मला वाटलं तुम्हीच आलात.

‘‘मॅडम, काळजीचं काही नाही. बाळंतपणानंतरचा थकवा हा फार कॉमन असतो. फीडिंग करणाऱ्या आईचं हायड्रेशन कमी होतं, ते आपण भरून काढतोय.’’

‘‘तिची छाती ऐकलीत?’’

‘‘आम्ही सगळं प्री-स्क्रीनिंग करतो.’’

‘‘छाती ऐकलीत का, विचारतेय.’’

‘‘मॅडम, मी पुण्यात आहे.’’

मी मोबाइल उलटा करून खाटेवर ठेवला. माझ्या पर्समधून स्टेथोस्कोप काढून पोरीच्या पाठीला लावला. दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी चरचर ऐकू येत होती, तव्यावर ओला हात झटकावा तशी, आणि हृदय धावत होतं, धावताना मधे एक जास्तीचा ठोका टाकत होतं. बाळंतपणानंतर क्वचित एखादीचं हृदय थकतं, बाबा. स्नायू सैल पडतो, रक्त पुढे ढकलता येत नाही, पाणी मागे साचतं, पायात आणि छातीत. बाहेरून ते अगदी अशक्तपणासारखंच दिसतं. अशा बाईला पाणी चढवणं म्हणजे बुडणाऱ्याच्या अंगावर आणखी घागर ओतणं. तिला आजार बाटलीने झाला नव्हता, हे मी भावालाही सांगितलं, आईलाही. पण ती हळूहळू बुडत होती तिथे आम्ही वरून पाणी सोडत होतो, पैसे मोजून, आणि त्याचा व्हिडिओ काढत होतो.

‘‘गाडी काढ,’’ मी भावाला म्हटलं.

तो दारात बारशाच्या मंडपाचं काहीतरी सांगत उभा होता. ‘‘ताई, तू गप रव जरा. त्यांचो डॉक्टर सांगता काय नॉर्मल आसा. तुका सगळ्यात खोट दिसता. बाबांका पण तू अशीच बोलायचस.’’

‘‘बाबांनी कोणाची छाती ऐकली नाही. मी ऐकलीय. गाडी काढ.’’

हे मी मोठ्याने, घरभर ऐकू जाईल असं म्हटलं. स्वयंपाकघरातली वहिनी बाहेर आली, आई खुर्चीतून उठायला लागली. भाऊ माझ्याकडे बघत राहिला, मग मुलीच्या ओठांकडे बघितलं त्याने, आणि किल्ली आणायला धावला. सुई तशीच ठेवून नळी त्या नर्सनेच काढली. ‘‘मॅडम, मला खरंच वाटलं थकवाच आहे,’’ म्हणाली. मी तोवर पोरीला उभं करत होते. नर्सला उत्तर द्यायला हवं होतं, असं आता वाटतं; तिला कोणी शिकवलंच नव्हतं, तिला फक्त टी-शर्ट दिला होता.

मागच्या सीटवर मी तिला बसतं धरून ठेवलं. आडवी होऊ दिली नाही. घाटीच्या प्रत्येक वळणावर तिचं डोकं माझ्या खांद्यावर आदळत होतं आणि ती माफी मागत होती, ‘‘आत्ये, तुका लागता.’’ पुढून भाऊ सारखा विचारत होता, ‘‘बाटली लावनसुद्धा असा कसा झाला?’’ मी म्हटलं, ‘‘लावूनसुद्धा नाही. लावल्यामुळे वाढलं.’’ मग तो गाडी चालवता चालवता रडायला लागला, बाहीने डोळे पुसत. तुमच्यासारखाच दिसतो तो बाजूने. मला त्याचाही राग येत होता आणि त्याने रस्त्याकडे बघावं असंही वाटत होतं.

माझ्या रुग्णालयात पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. सूर्य मावळायच्या आत तिला पाठीशी दोन उशा घेऊन टेकता आलं. टेकल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘‘बरा वाटता,’’ आणि झोपली. दुसऱ्या दिवशी तिला गोव्याला नेलं, तिथे हृदयाची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. बारसं लांबलं, साधेपणाने झालं. आता ती चालते, बाळाला घेऊन व्हरांड्यात बसते. हृदय बरंचसं सावरलंय. दुसरं मूल मात्र डॉक्टरांना विचारून, बहुतेक नाहीच. जावई बोटीवरून उतरून आला तेव्हा ती त्याला हे हसत सांगत होती आणि तो भिंतीकडे बघत होता. थेंबवाल्या कंपनीने भावाला मेसेज पाठवला की उरलेल्या सत्रांऐवजी ‘ग्लो’वाली पिशवी देऊ. तो मेसेज भावाने मला वाचून दाखवला आणि आम्ही दोघं कितीतरी वर्षांनी एकत्र हसलो. ते हसू चांगलं नव्हतं, पण एकत्र होतं.

सगळं निवळल्यावर मी आईवर उखडले. ती व्हरांड्यात सुपात कुळीथ निवडत बसली होती. आधी तिनेच विचारलं, वर न बघता, ‘‘माझ्या हट्टानच झाला ना गो ह्या?’’ मी म्हटलं, हृदय आधीच थकलेलं होतं, बाटलीने भर घातली. तिचं बोट कुळथात फिरत राहिलं. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी म्हटलं, ‘‘आये, तुका एवढी कसली हौस होती गो त्या बाटलीची? बाबांनी तुका तोंडावर सांगितलेला, मिठाचा पाणी ता म्हणान.’’

‘‘माका ठावक होता,’’ ती म्हणाली. ‘‘मी काय येडी? माझ्यादेखत भरी होते ते.’’

‘‘मग?’’

‘‘बाटली लागली काय बाईक कोण हाक मारी नाय.’’ तिने सूप खाली ठेवलं. ‘‘सासू पण दारापर्यंत येय, बाटलीकडे बघी, आणि परत जाय. बाटली संपापर्यंत ती बाय कोणाचीच नाय. डोळे मिटून पडान रव. आणि मी तुझ्या भावाक पाळण्यात टाकून विहिरीर जाय होतंय. कित्याक? तर त्याच बायांच्या सुयो उकळूक पाणी व्हया म्हणान. टाके ओले, आणि चुलीकडे सुयो उकळी होतंय. तुझ्या बापाशीकडे मागलंय तर म्हणालो, पेज खा. ती पेज कोणी शिजवूची? मीयाच.’’

आणि पुन्हा सूप मांडीवर घेऊन खडे काढायला लागली.

बाबा, मी इतकी वर्षं तुम्हाला खोटारडा समजत होते, कारण तुम्ही पाण्याला औषध म्हणालात. आता त्याहून वाईट कळलंय. तुमच्या त्या बाकड्यावर खरंच एक औषध होतं, आणि ते बाटलीत नव्हतं. ज्या बाईला सबंध वाडी उठवायची, तिला तुमच्या खिडकीखाली घटकाभर कोणी उठवत नव्हतं. हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत असेल तर तुम्ही ते गावभर विकलंत आणि घरातल्या बाईला दिलं नाहीत. माहीत नसेल तर तुमच्या पडद्याआड काय घडतंय हेही तुम्हाला कधी दिसलं नाही. मी दोन्ही बाजूंनी तुमची वकिली करून बघितली. एकाही बाजूने तुम्ही सुटत नाही. थेंबवाले तर त्याहून भिकार. तुमच्या बाकड्यावर बाई निदान निजायची, यांच्या पिशवीखाली तिला व्हिडिओसाठी हसावं लागतं. पण तुमच्या फोटोला हार घालणाऱ्यांना मी हे सांगणार नाही. भावाला तर नाहीच. त्याला मुलगी परत मिळालीय, तेवढं त्याला पुरे. म्हणून तुम्हाला लिहितेय, ज्यांना पोचणार नाही त्यांना. पोचलं असतं तर वाचून हसला असतात आणि ठसका लागला असता.

एक गोष्ट मात्र लिहून टाकते, कारण इथे कोणी वाचणार नाही. परवा माझ्या ओपीडीत एक बाळंतीण आली, सोबत सासू. सासू म्हणाली, ‘‘मॅडम, हिका बाटली लावा. काम करूक नको म्हणता, झोप येता म्हणता.’’ मी पोरीला नीट तपासलं. नाडी, डोळे, पाय, छाती. सगळं ठीक. ती फक्त दमलेली होती, डोळे उघडे ठेवून झोपणाऱ्या माणसासारखी. मी सासूला म्हटलं, ‘‘बाटली नको. पण आत नेऊन तपासणी करावी लागेल, वेळ लागेल. बाळ तुमच्याकडे ठेवा, बाहेर बसा.’’ आतल्या खाटेवर तिला झोपवलं, पंखा लावला, पडदा ओढला आणि नर्सला सांगितलं की कोणालाही आत सोडायचं नाही. कसलीच तपासणी नव्हती. ती घोरत होती. मधे सासूने एकदा डोकं आत घातलं, तेव्हा मी तोंडावर बोट ठेवून तिला परत पाठवलं, आणि खरं सांगू, मला त्यात मजा आली. बऱ्याच वेळाने पोर उठली, पदर सावरला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘‘मॅडम, परत कधी येव?’’

तिला काहीही झालेलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘बुधवारी ये.’’